पुस्तक हरवलं तर कोण भरणार, ते आधी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल आहात. शहरातल्या आणखी तीन विद्यापीठांच्या ग्रंथालयांशी मिळून पुस्तकांची सामायिक देवघेव सुरू करायची आहे, म्हणजे एका ठिकाणच्या वाचकाला दुसऱ्या ठिकाणचं पुस्तक आपल्याच काउंटरवर मिळावं. सहा महिन्यांत ‘पोर्टल’ उभं करा, असा वरून आदेश आहे. ग्रंथालयाचं काम संगणकावर चालवायला दोन ठिकाणी कोहा ही प्रणाली आहे, एका ठिकाणी सोल आणि चौथ्या ठिकाणी एका खासगी कंपनीची जुनी प्रणाली. तेव्हा सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

मी एकतीस वर्षं विद्यापीठ आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत काढली, त्यातली बरीचशी देवघेवीच्या काउंटरमागे. सॉफ्टवेअरचं खाली लिहिलं आहेच. पण पहिल्या बैठकीत पहिला विषय तो घेऊ नका. दुसऱ्या ग्रंथालयाला दिलेलं पुस्तक हरवलं तर ते कुणाच्या डोक्यावर, हा विषय पहिला घ्या. याचं लेखी उत्तर हातात पडेपर्यंत कुठलाही ग्रंथपाल मनापासून पुस्तक बाहेर देणार नाही. बैठकीत हो म्हणेल आणि मागणी आली की ‘कपाटात सापडत नाही’ असं कळवेल. त्यात त्याचा दोषही नाही.

आपल्याकडे पुस्तक ही मालमत्ता आहे. दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक असतो, किंमत असते आणि चार्ज ज्याच्या नावावर आहे त्याची सही असते. मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी शेजारच्या संस्थेला ओळखीवर दोन पुस्तकं दिली होती, साध्या चिठ्ठीवर. पुढे तिथला माणूस बदलला, चिठ्ठी कुठल्या तरी फायलीत गेली आणि पुस्तकं काही परत आली नाहीत. सहकारी निवृत्त होताना साठा पडताळणी झाली, त्यात ती दोन पुस्तकं कमी भरली आणि त्यांचं ना-देय प्रमाणपत्र चार महिने अडकलं. एक प्रत त्यांनी फोर्टातल्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे फिरून फिरून मिळवली, दुसरीचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले. तो माणूस आयुष्यभर वाचकांसाठी धावला होता. त्यांचा त्या चार महिन्यांतला चेहरा मी विसरलो नाही, आणि नंतर कित्येक वर्षं बाहेर पुस्तक देताना मीही हात आखडताच घेतला. तुमच्या योजनेतल्या चारही ग्रंथपालांच्या मनात अशी एखादी आठवण असणार. ती बाजूला ठेवून पोर्टल बांधलं, तर पोर्टल दिसेल आणि पुस्तक हलणार नाही.

यावर एक चांगला आधार आहे. केंद्र सरकारच्या २०१७च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत नियम २१५ ग्रंथालयांच्या पडताळणीबद्दल आहे. वर्षभरात वाचकांना दिलेल्या किंवा त्यांनी हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणं त्यात स्वीकारार्ह मानलं आहे, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसावा. एक हजार रुपयांवरचं पुस्तक किंवा दुर्मिळ, खास स्वरूपाचं पुस्तक हरवलं तर चौकशी करावीच लागते. पडताळणीचं वेळापत्रकही तिथंच आहे: वीस हजार ग्रंथांपर्यंत दरवर्षी पूर्ण, वीस ते पन्नास हजारांसाठी तीन वर्षांतून निदान एकदा, त्यापुढे तीन वर्षांच्या आत नमुना पडताळणी. राज्यातल्या विद्यापीठांना हा नियम थेट लागू नसला, तरी तुमच्या ग्रंथालय समितीपुढे आणि लेखाधिकाऱ्यांपुढे ठेवायला याच्याइतका भक्कम कागद दुसरा नाही. ‘हजारामागे पाच’ हे तत्त्व चारही विद्यापीठांनी आपापल्या समितीत ठराव करून स्वीकारलं की अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं करारात येतं. करार दोन पानांचा असू द्या. त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे, की पुस्तक उसनं घेणारा वाचक नसून ग्रंथालय आहे. तुमच्या विद्यार्थ्यानं मुंबई विद्यापीठाच्या कलिन्याच्या ग्रंथालयातलं पुस्तक मागवलं तर कलिन्याच्या खात्यावर तुमच्या ग्रंथालयाचं नाव पडेल, विद्यार्थ्याचं नाही. विद्यार्थ्याकडून दंड घेणं, त्याला आठवण करणं, त्याचं ना-देय अडवणं हे सगळं तुम्ही तुमच्या नियमांनी करा. पुस्तक हरवलं तर तीस दिवसांत मालक ग्रंथालयाला भरपाई मिळालीच पाहिजे. विद्यार्थ्याकडून वसुली झाली की नाही, याच्याशी मालकाला देणंघेणं नसावं. भरपाई म्हणजे शक्यतो तीच आवृत्ती किंवा नवी आवृत्ती. बाजारात मिळतच नसेल तर किंमत कशी ठरवायची याचं सूत्र करारातच लिहून टाका. जुन्या मराठी पुस्तकावर छापील किंमत बारा रुपये असते. ते हरवल्यावर बारा रुपयांवर वाद घालत बसलात, तर पुढच्या वेळी ते ग्रंथालय तुम्हाला पुस्तक देणार नाही, आणि बरोबरच करेल.

पैशासाठी चौघांनी सुरुवातीलाच सारखी छोटी रक्कम काढून सामायिक अनामत ठेवावी. वर्षाअखेर हिशेब करून उरलेली पुढे ओढायची. प्रत्येक भरपाईच्या वेळी नवी टिपणी, नवी मंजुरी, नवं बिल असं चक्र सुरू झालं की माणसं थकतात. आणि अनामतीतून एक-दोन पुस्तकांची भरपाई झटपट झाली की चारही ठिकाणचे कर्मचारी ते बघतात. मग ‘सापडत नाही’चे निरोप कमी व्हायला लागतात.

काय द्यायचं नाही, ती यादी आखूड ठेवा. संदर्भग्रंथ, दुर्मिळ ग्रंथ, प्रबंध, बांधीव नियतकालिकं आणि ज्या क्रमिक पुस्तकांसाठी तुमच्याच विद्यार्थ्यांची रांग लागते ती. बाकी सगळं द्यायचं. पहिल्या बैठकीत प्रत्येक जण या यादीत भर घालत जातो, आणि शेवटी द्यायला उरतं ते कुणालाच नको असतं. तिथं ठाम राहा. दुर्मिळ ग्रंथांसाठी वाचकालाच तिकडे पाठवायची सोय करा: तुमच्या ग्रंथपालाच्या सहीचं पत्र घेऊन गेला की वाचनकक्षात बसायला मिळेल, शुल्क लागणार नाही. मुंबईत ही सोय कागदावर बऱ्याच ठिकाणी असते, पण दारावरच्या सुरक्षारक्षकाला ती माहीत नसते. पत्राचा नमुना दारावर लावून ठेवा.

आता तालिकेकडे, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या नोंदींकडे वळतो, कारण मराठीच्या बाबतीत खरा घाम इथंच गळतो. एक प्रसंग सांगतो. वसईहून येणारी एक संशोधक मुलगी होती. १९८२च्या गिरणी संपानंतर कामगारांच्या घरातल्या बायकांनी संसार कसे ओढले, यावर तिचं काम. तिला हवं असलेलं एक जुनं मराठी पुस्तक आमच्याकडे नव्हतं. तिनं दोन विद्यापीठांच्या ओपॅकवर, म्हणजे ऑनलाइन तालिकेवर शोधलं, ‘नोंद नाही’ आलं. मी एका ग्रंथालयातल्या ओळखीच्या माणसाला फोन केला, तो कपाटाशी गेला आणि पाच मिनिटांत म्हणाला, ‘अहो, माझ्या हातात आहे!’ पुस्तक तालिकेत होतं. फक्त शीर्षकात ‘कांहीं’ असं लिहिलेलं होतं, आणि ही ‘काही’ शोधत होती. सदस्यत्व नसल्यानं तिला ते घरी नेता आलं नाही. दोन शनिवार चर्चगेटपर्यंत येऊन तिथं बसून तिनं वहीत उतरवून घेतलं.

मराठी शुद्धलेखनाचे नियम १९६२मध्ये बदलले, आणखी काही १९७२मध्ये आले. त्याआधीच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ‘नांव’, ‘घरें’, ‘गाणीं’ असे अनुस्वार आहेत. तालिकाकारानं मुखपृष्ठ जसंच्या तसं उतरवलं, हे योग्यच केलं. ती नोंद बदलू नका. शोधासाठी मात्र आतल्या आत एक वेगळी ‘शोध-किल्ली’ तयार करून घ्या, जिच्यात अनुस्वार काढून टाकलेले असतील आणि इकार-उकार एकाच प्रकारचे केलेले असतील. वाचकानं टंकलेल्या शब्दावरही तीच प्रक्रिया करायची. आपले वाचक ह्रस्व-दीर्घ चुकतात, आपले तालिकाकारही चुकतात, आणि त्या चुकीची शिक्षा पुस्तकाला होते.

त्याहून फसवी अडचण अक्षरांच्या पोटात असते. ‘तऱ्हा’ हा शब्द घ्या. त्यातलं ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकता येतं: एक, नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, दुसरी, साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही अगदी सारखी दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘ॲ’चंही तसंच. काही कळफलकांवर ते एक स्वतंत्र अक्षर आहे, काहींवर ‘अ’ टंकून वर अर्धचंद्र चढवतात. चार ग्रंथालयांत चार कळफलक वापरले गेले असतील तर ‘ॲरिस्टॉटल’ तुमच्या संयुक्त तालिकेत दोनदा येईल आणि शोधणाऱ्याला एकदाच दिसेल. ज्या मुलाला किंवा मुलीला तांत्रिक काम द्याल, त्याच्यासमोर बसून हे दोन शब्द दोन्ही प्रकारे टंकून दाखवा. एकदा डोळ्यांनी बघितलं की त्याला दुरुस्तीचा प्रोग्रॅम लिहायला एक दुपार पुरते. तोंडी सांगून हे कळत नाही, हा माझा अनुभव आहे.

जुन्या नोंदींचे आणखी दोन थर निघतील. नव्वदच्या दशकात बऱ्याच ग्रंथालयांनी मराठी पुस्तकं रोमन लिपीत चढवली, कारण तेव्हाच्या प्रणालीत देवनागरी बसतच नव्हती. त्यातही प्रत्येकाची रोमन वेगळी. त्यानंतरच्या काही नोंदी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात आणि आज उघडल्या की नुसती चिन्हांची खिचडी दिसते. फॉन्टचं नाव कळलं तर त्या नोंदी परिवर्तकातून बऱ्यापैकी सुटतात, म्हणून जुन्या डेटा-एंट्रीवाल्यांना, निवृत्त कर्मचाऱ्यांना फोन करून ते नाव विचारा. रोमन नोंदींवर मात्र माणूसच बसवावा लागतो. सगळ्या एकदम करायला जाऊ नका. ज्या पुस्तकाची मागणी येईल ते हातात आल्यावर त्याची नोंद देवनागरीत पक्की करायची, असा नियम ठेवा. पुस्तक समोर असताना मुखपृष्ठ बघून केलेली नोंद सहसा चुकत नाही.

आणि लेखकांची नावं. विष्णु वामन शिरवाडकर आणि कुसुमाग्रज एकच, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही, संगणकाला सांगावं लागतं. बाळूताई खरे, मालतीबाई बेडेकर आणि विभावरी शिरूरकर ही तीन नावं एकाच लेखिकेची. चार ग्रंथालयांपैकी एकानं खऱ्या नावाखाली, दुसऱ्यानं टोपणनावाखाली नोंद केली असेल तर एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी होतात, आणि वाचकाला वाटतं की आहे ती एकच प्रत बाहेर गेलीय. नामनियंत्रणाची सामायिक यादी करा. मराठी विभागातल्या एखाद्या प्राध्यापकांना आठवड्यातून दोन तास द्यायला सांगा, ते आनंदानं येतात. दोनशे नावांपासून सुरुवात केली तरी फरक लगेच जाणवतो.

दुहेरी नोंदी ओळखायला इंग्रजी पुस्तकांसाठी आयएसबीएन पुरतो, फक्त २००७पूर्वीचे दहा आकडी आणि नंतरचे तेरा आकडी क्रमांक एकमेकांशी जुळवून घ्यावे लागतात. जुन्या मराठी पुस्तकांवर तो क्रमांकच नसतो. तिथं शीर्षक, लेखक, प्रकाशक आणि वर्ष यांची जोडणी करूनच बघावं लागतं. शंका आली तर नोंदी वेगळ्याच ठेवा. चुकून एकत्र केलेल्या दोन आवृत्त्या सोडवणं फार जिकिरीचं असतं.

संयुक्त तालिका करण्याआधी आणखी एक काम, जे कुणालाच आवडत नाही: कपाट तपासणी. तालिका म्हणते ‘उपलब्ध’, आणि कपाटात पुस्तक नसतं. आपल्या वाचकाला आपण ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणून सांभाळून घेतो, पण दुसऱ्या विद्यापीठाच्या वाचकाचा तेवढ्यानंच विश्वास उडतो. सगळा संग्रह तपासायला वर्ष जाईल. म्हणून प्रत्येकानं दोन विषय निवडावेत, तेवढीच कपाटं पडताळावीत आणि तेवढेच विषय पहिल्या टप्प्यात खुले करावेत. उदाहरणार्थ समाजशास्त्र आणि मराठी साहित्य. मागणी खरी कुठल्या विषयात आहे, ते तुमच्या काउंटरवरच्या ‘नाही मिळालं’ वहीत दिसेल. अशी वही नसेल तर उद्यापासून ठेवा.

आता पिशवी. पुस्तक एका आवारातून दुसऱ्या आवारात जाणार कसं, याचा विचार आपल्याकडे सगळ्यात शेवटी होतो.

मुंबई दक्षिणोत्तर लांब आहे, तेव्हा रेल्वेमार्ग बघूनच फेऱ्या आखा. फोर्ट-चर्चगेट परिसरात राजाबाई टॉवरचं मुंबई विद्यापीठाचं ग्रंथालय, चर्चगेटचं एसएनडीटी, डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ आणि एचएसएनसी या समूह विद्यापीठाचं के. सी. महाविद्यालय एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. सांताक्रूझला पूर्वेला बाहेर पडलं की कलिन्याचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय, पश्चिमेला एसएनडीटीचं जुहू आवार. मध्य आणि हार्बरकडे वेगळी रांग लागते: माटुंग्याला रसायन तंत्रज्ञान संस्था, विद्याविहारला सोमैया, पवईला आयआयटी, देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आणि लोकसंख्या विज्ञान संस्था. तुमची चार ग्रंथालयं यांपैकी कुठलीही असोत, पश्चिम मार्गाची एक फेरी आणि मध्य-हार्बरची एक, आठवड्यातून दोनदा, सकाळी अकरानंतर निघून चारच्या आत परत. गर्दीच्या वेळी पंधरा पुस्तकांची पिशवी घेऊन शिपायाला लोकलमध्ये चढायला लावू नका. दोन आवारं असलेल्या विद्यापीठांत कार्यालयीन टपालाची ये-जा कुठल्या ना कुठल्या मार्गानं चालूच असते, आधी तिच्यात जागा मिळते का ते बघा. फेरी करणाऱ्या माणसाला प्रवासभत्ता रोख आणि त्याच दिवशी मिळाला पाहिजे. त्याची बिलं तीन महिने पडून राहिली की फेरी बंद पडते. मी हे दोनदा होताना पाहिलंय.

पिशवी दोन कप्प्यांची घ्या, एका कप्प्यात जाणारी पुस्तकं आणि दुसऱ्यात येणारी. पुस्तकं कणा खाली करून उभी ठेवायची, आडवी रचली की खालच्याची बांधणी सुटते. जून ते सप्टेंबर प्रत्येक पुस्तक वेगळ्या झिपच्या प्लास्टिक पाकिटात. एका जुलैत पक्क्या बांधणीचं एक जाड पुस्तक भिजून आलं, दुसऱ्या दिवशी ते फुगून बंदच होईना. पंख्याखाली प्रत्येक दहा पानांत टिपकागद घालून आम्ही तिघांनी ते चार दिवस वाळवलं. पुस्तक बचावलं, आणि त्या काळात मालक ग्रंथालयाला फोन करून सगळं खरं सांगितलं होतं, म्हणून संबंधही टिकले.

पुस्तकावर दुसऱ्या ग्रंथालयाचा बारकोड चिकटवू नका. मुखपृष्ठाला आडवी कागदी पट्टी गुंडाळा. तिच्यावर मागणी क्रमांक, मालक ग्रंथालय, परतीची तारीख आणि मोठ्या अक्षरात ‘ही पट्टी काढू नये’. तात्पुरता बारकोड पट्टीवरच. परत पाठवताना पट्टी काढली की पुस्तक जसं आलं तसं जातं. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे चुंबकीय पट्टी किंवा आरएफआयडी चिप (चोरी टाळण्यासाठी आत बसवलेली) असलेलं पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयाच्या दारातून नेताना गेट वाजू शकतं, आणि सगळ्यांसमोर विद्यार्थ्याची पिशवी उघडली जाते. त्याची काही चूक नसताना. कागदी पट्टीचा रंग ठरवून घ्या आणि दारावरच्या लोकांना तो ओळखायला शिकवा. आवाराबाहेर पुस्तक नेणाऱ्या शिपायासाठी वर्षभराचा कायम गेटपास काढा.

तारखांचं गणित सोपं ठेवा. मालक ग्रंथालयानं पंचेचाळीस दिवस द्यावेत, वाचकाला तीस मिळावेत, उरलेले प्रवासाचे आणि उशिराचे. एकदा मुदतवाढ, मालकाच्या वाचकाची मागणी नसेल तर. पहिल्या पंधरा दिवसांत परत मागवायचं नाही.

आता सॉफ्टवेअर. तुमची चारही ग्रंथालयं एकाच विद्यापीठाखाली असती, समूह विद्यापीठांत असतं तसं, तर मी म्हटलं असतं की एकच कोहा बसवा आणि प्रत्येक महाविद्यालय त्याची शाखा करा. कोहा २००० सालापासून वापरात आहे, मुक्तस्रोत आहे आणि शाखांमधली राखीव मागणी आणि पुस्तक ‘वाटेत आहे’ ही स्थिती त्यात मुळातच आहे. पण तुमची विद्यापीठं वेगळी आहेत. तिथं सगळ्यांना एका प्रणालीवर आणायचा हट्ट धरू नका. दोन वर्षं त्यातच जातील, आणि जे ग्रंथालय आपली प्रणाली सोडेल ते मनातून दुखावलेलं राहील.

प्रत्येकानं आपली प्रणाली ठेवावी. दर आठवड्याला मार्क २१ या ग्रंथालयांच्या प्रमाणित स्वरूपात नोंदी निर्यात करून एका सामायिक ठिकाणी टाकाव्यात. कोहातून हे सहज होतं, विद्यापीठ ग्रंथालयांसाठी काम करणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या सोलमधूनही होतं. त्यावर व्ह्यूफाइंडसारखं मुक्तस्रोत शोधसाधन बसवा. पुस्तक या क्षणी आत आहे की बाहेर, हे पहिल्या टप्प्यात त्या त्या ग्रंथालयाच्या ओपॅकच्या दुव्यावरून बघता येईल. थेट जोडणी नंतर करता येते. खासगी प्रणाली असलेल्या ग्रंथालयाला मात्र आत्ताच सावध करा: कंपनीकडून सगळ्या नोंदी मार्क स्वरूपात, सगळ्या रकान्यांसह परत मिळतील हे लेखी घ्या. अनेकांना तेव्हा कळतं की करारात डेटाचा उल्लेखच नव्हता.

मागण्यांची नोंद ठेवायला पहिले तीन महिने चौघांनी मिळून भरायचा एक साधा तक्ता पुरतो. मागणी क्रमांक, पुस्तक, कुणाकडून, कुणाला, निघाल्याची, पोचल्याची, परत आल्याची तारीख. तक्त्यात वाचकाचं नाव, फोन, विभाग लिहू नका. ते ज्याच्या त्याच्या ग्रंथालयातच राहू द्या. कोण काय वाचतं ही वाचकाची खासगी बाब आहे, आणि २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर याबाबत ढिलाई नकोच. तीन महिन्यांनी या तक्त्यात जे खटकेल तेच तुमच्या पुढच्या प्रणालीच्या गरजांची यादी असेल. कोहातलं आंतरग्रंथालयीन देवघेवीचं मॉड्यूल तेव्हा बघा.

चौघांपैकी कुणी डेलनेटचे सभासद आहेत का, तेही विचारा. १९८८ साली दिल्लीत सुरू झालेलं ते जाळं आंतरग्रंथालयीन देवघेवीचंच काम करतं, आणि वर्गणी भरून ते न वापरणारी ग्रंथालयं मला भेटली आहेत. इन्फ्लिबनेटच्या इंडकॅट या संयुक्त तालिकेतही तुमच्या जुन्या नोंदी गेलेल्या असू शकतात, त्या परत मागवून ताडून बघा. मुंबईचं स्वतःचं जाळंही नव्वदच्या दशकात उभं राहिलं होतं: बॉनेट, जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राच्या आणि निसाट या केंद्र सरकारच्या माहिती कार्यक्रमाच्या आधारानं. आजच्या तरुण ग्रंथपालांना ते नाव पाठ्यपुस्तकातूनच माहीत असतं. म्हणून म्हणतो, बाहेरच्या संस्थेच्या अनुदानावर आणि उत्साहावर उभं करू नका. चार ग्रंथालयांच्या नेहमीच्या अंदाजपत्रकात पिशवीचा आणि भाड्याचा खर्च दरवर्षी दिसला पाहिजे.

‘आता सगळं ऑनलाइन मिळतं, मग हे कशाला’ हा प्रश्न तुम्हाला नक्की विचारला जाईल. २०२५च्या जानेवारीपासून ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजनेत सरकारी शिक्षणसंस्थांना तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं मिळू लागली. नियतकालिकांचं ओझं त्यानं खरोखर हलकं झालं. पण त्यात पुस्तकं नाहीत. साठच्या दशकातला मराठी कथासंग्रह, एखाद्या जिल्ह्याचा सामाजिक इतिहास, बंद पडलेल्या प्रकाशनाचा वैचारिक ग्रंथ, हे कुठल्याही वर्गणीत नाही. ते फोर्टात किंवा कलिन्यात किंवा जुहूला एका कपाटात उभं आहे, आणि त्याचा वाचक कल्याणला किंवा विरारला राहतो.

कुलगुरूंना सहा महिन्यांनी काय दाखवायचं, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. तो तक्ताच दाखवा. किती मागण्या आल्या, किती पुस्तकं पोचली, सरासरी किती दिवस लागले, किती वेळा कपाटात सापडलं नाही आणि त्यातली किती नंतर सापडली. आकडे लहान असतील. खरे असू द्या. अमेरिकेत कोलंबिया, पेनसिल्व्हेनिया आणि येल या तीनच विद्यापीठांनी १९९९मध्ये आपल्या वाचकांना एकमेकांची पुस्तकं थेट मागवायची सोय सुरू केली, बाकीची विद्यापीठं मागाहून आली. तुम्ही चौघे आहात.

बैठकीची तारीख ठरली की कराराचा मसुदा आठवडाभर आधी चारही ठिकाणच्या लेखाधिकाऱ्यांना पाठवा, आणि त्यांनाही बैठकीला बोलवा. ग्रंथपाल एकमेकांना चर्चासत्रांतून ओळखतात, एकमेकांचा शब्द मानतात. भरपाईच्या कागदावर सही करणारा माणूस मात्र कधीच कुणाला भेटलेला नसतो. त्याला नियम २१५ची प्रत हातात द्या आणि पंधरा मिनिटं काउंटरमागे उभं करा, दुपारी एकच्या सुमाराला.